पाडणें आणि सांवरणें

कोणालाहि खालीं पाडावयाचें झाल्यास त्याचे मार्ग दोनच. आपलें बळ त्याच्या बळाहून अधिक आहे असें सिद्ध करणें हा एक. आणि त्याचेंच बळ त्याच्यावर उलटविणें हा दुसरा. पहिल्या मार्गाला आपण जबरदस्ती म्हणतों व दुसऱ्याला कौशल्य. पहिल्यानें जय मिळविणाऱ्याची आपल्याला भीति वाटते, दुसऱ्यानें जय मिळविणाऱ्याचें कौतुक वाटतें. अंगानें किरकोळ अशा एखाद्या मल्लानें धिप्पाड पैलवानाला धोबीपछाड घालून आसमान दाखविलें, कीं हौदाभोंवतीं जमलेला सारा समाज टाळ्यांचा गजर करतो. आणि त्या टाळ्यांत केवळ आश्चर्य नसतें, न्याय झाल्याचें समाधानहि असतें. हें समाधान कितपत साधार आहे? दुसऱ्याच्या बळानें दुसऱ्याला पाडणारा मनुष्य नीतीच्या दृष्टीनें खरोखरच श्रेष्ठ ठरतो, कीं त्यानें केवळ आपले श्रम वांचविले, एवढाच त्याचा विशेष? या प्रश्नाचा विचार करण्यास आम्हांला एक अगदीं अनपेक्षित साधन सांपडलें आहे. तें म्हणजे संगणकावरील एक खेळ.

खेळाचें नांव निघतांच कित्येक वाचकांच्या कपाळाला आंठी पडेल हें आम्ही जाणतों. घरोघरच्या मुलांची झोंप व अभ्यास ज्यानें खाल्ला, त्यांत तत्त्वविचार तो कसला असणार? परंतु ज्या खेळाविषयीं आम्ही लिहीत आहों तो इतरांहून निराळा आहे. त्याचें नांव ‘तोरीबॅश’. सन २००६ मध्यें तो प्रथम लोकांपुढें आला. हॅम्पस सॉडरस्ट्रॉम या स्वीडिश गृहस्थांनीं तो रचिला. द्वंद्वाच्या सामान्य खेळांत एक कळ दाबली कीं चित्रांतील योद्धा आधींच आंखून ठेवलेला ठोसा मारतो. येथें तयार ठोसा असा नाहींच. प्रत्येक खेळाडूच्या हवालीं एक मानवाकृति देहयंत्र केलेलें असतें. त्याला मान, खांदे, कोपर, कंबर, गुडघे, घोटे असे सुमारे २० सांधे असतात, आणि प्रत्येक सांध्याला चारच आज्ञा देतां येतात : आंखड, पसर, आहेस तसा धरून ठेव, किंवा सैल सोड. हातांना याशिवाय पकडण्याची व सोडण्याची आज्ञा असते. दोघांनीं आपापल्या सांध्यांना आज्ञा दिल्या कीं काळ पळभर पुढें सरकतो आणि पुन्हां थांबतो. मग पुन्हां आज्ञा, पुन्हां पळभर गति. त्या पळभरांत काय घडावें हें कोणी चित्रकार ठरवीत नाहीं. वजन, घर्षण, वेग व गुरुत्वाकर्षण यांचा हिशेब करून यंत्रच तें ठरवितें.

या खेळांत नियमांचे अनेक प्रकार आहेत. कांहींत प्रतिस्पर्ध्याचे अवयव मोडावे व तोडावे लागतात, आणि तो देखावा रक्तानें पुरेसा लाल असतो. कांहीं प्रकारांना मात्र आयकिदो व ज्युदो या जपानी विद्यांचीं नांवें दिलेलीं आहेत. त्यांत सामान्यतः हातपायांखेरीज ज्याचें अंग आधीं जमिनीला टेकेल तो हरला. खेळांतील दोन आकृतींचीं नांवेंसुद्धां ज्युदोच्या परिभाषेंतूनच घेतलेलीं आहेत. एक ‘तोरी’, म्हणजे डाव घेणारा. दुसरा ‘उके’, म्हणजे तो अंगावर स्वीकारणारा. हीं दोन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांचें काम पडणार आहे.

आमच्या एका विद्यार्थ्यानें हा खेळ आम्हांला दाखविला तेव्हां त्याची तक्रार मोठी मासलेवाईक होती. ठोसे जमतात, मोडतोडहि जमते. पण ज्युदोसारखी फेंक कांहीं केल्या जमत नाहीं, असें तो म्हणाला. तो प्रतिस्पर्ध्याला पकडी, सर्व बळ लावून ओढी, आणि परिणामीं दोघेहि एकमेकांच्या गळ्यांत पडल्यासारखे जमिनीवर येत. ही फेंक सुधारावी कशी? प्रश्न पोरकट दिसतो खरा. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागल्यावर आम्ही हळूहळू पदार्थविज्ञानांतून नीतिशास्त्रांत केव्हां शिरलों हें आमचें आम्हांलाच कळलें नाहीं.

नवशिक्याची पहिली खोड अशी कीं तो आपले सगळे सांधे ताठ धरून ठेवतो. ताठपणा म्हणजेच मजबुती अशी त्याची समजूत असते. वास्तविक ताठ देह म्हणजे उभा केलेला वांसा. वांशाच्या माथ्याला दिलेला धक्का तसाच तळापर्यंत पोंचतो आणि वांसा आडवा होतो. तोच धक्का कंबरेंत व गुडघ्यांत किंचित् सैल असलेल्या देहाला दिला तर वाटेंतच जिरतो. म्हणून सगळेंच सैल सोडावें, तर देहाचें गांठोडें होऊन तो जागच्या जागीं कोसळतो. कोणता सांधा धरावयाचा व कोणता सोडावयाचा, हा निवाडा पळोपळीं करणें यांतच अर्धी विद्या आहे. दुसरी खोड हातांनीं उचलण्याची. उभ्या माणसाच्या गुरुत्वमध्यांतून खालीं काढलेली रेषा त्याच्या दोन पावलांमधील जागेंत पडते तोंवर तो उभा राहतो. ती त्या जागेच्या बाहेर गेली कीं त्याला पाडण्यास निराळें बळ लागत नाहीं, पृथ्वीच तें काम करते. तेव्हां प्रतिस्पर्ध्याचें सारें वजन उचलण्याचें कारणच नाहीं. त्याची रेषा चार बोटें सरकविली म्हणजे पुरे. ज्युदोंतील कंबरेची फेंक पाहावी. तोरी आपले गुडघे वांकवून स्वतःच खालीं जातो, आपली कंबर उकेच्या कंबरेच्या खालीं नेतो, आणि तिचा टेकूसारखा उपयोग करून त्याला तिच्यावरून फिरवितो. हातांचें काम त्याला आपल्या अंगाशीं बांधून ठेवण्यापुरतेंच. दुसऱ्याला खालीं आणावयाचें तर आधीं आपण खालीं गेलें पाहिजे, ही गोष्ट पडद्यावरच्या त्या पोंकळ देहांनाहि चुकत नाहीं.

तिसरी खोड उतावीळपणाची. ज्युदोचे आचार्य फेंकीचे तीन टप्पे मानतात : ‘कुझुशी’ म्हणजे तोल ढळविणें, ‘त्सुकुरी’ म्हणजे आपला देह योग्य जागीं बसविणें, आणि ‘काके’ म्हणजे प्रत्यक्ष फेंकणें. नवशिका पहिले दोन टप्पे वगळून तिसऱ्यावर उडी घेतो. शिवाय क्रियेइतकीच प्रतिक्रिया हा न्यूटनचा नियम येथें अक्षरशः लागू असतो. पाय जमिनीवर नीट रोंवलेले नसतील तर दुसऱ्याला दिलेली गिरकी उलटून आपल्यालाच बसते. आमच्या विद्यार्थ्याचे दोन्ही देह एकदम कां कोसळत, याचें उत्तर यांत आलें.

ही सर्व विद्या मुळांत ज्यांची, त्या जिगोरो कानो यांचा येथें परिचय करून देणें अवश्य आहे. १८६० मध्यें जन्मलेले हे गृहस्थ तोक्यो विश्वविद्यालयाचे पदवीधर, व्यवसायानें शिक्षक, आणि अंगानें लहानखोर होते. जुन्या जुजुत्सूच्या निरनिराळ्या संप्रदायांचा अभ्यास करून त्यांनीं १८८२ मध्यें तोक्योंतील एइशोजी या बौद्ध मंदिरांत कोदोकान ही आपली शाळा काढली. ‘जु’ म्हणजे मृदुता, नमतें घेणें. तिचें मर्म सांगतांना ते एक साधा हिशेब मांडीत. समजा, समोरच्याचें बळ १० आहे व माझें ७. तो सर्व बळानें मला ढकलूं लागला आणि मी अडून राहिलों, तर मी हरणार हें उघड आहे. परंतु तो जितका ढकलतो तितकाच मी, स्वतःचा तोल न सोडतां, मागें सरलों, तर तो पुढें झोंकला जातो. त्या ढळलेल्या स्थितींत त्याच्या १० पैकीं ३ च त्याच्या उपयोगाचे राहतात. आणि मग माझे ७ सुद्धां सगळे लागत नाहींत, निम्म्यांत काम भागतें.

या हिशेबांतील सौंदर्य कोणालाहि मोह घालील असें आहे. परंतु त्याचबरोबर एक धोकाहि त्यांत दडलेला आहे, आणि आमच्या मूळ प्रश्नाचें बीज तेथेंच आहे. नमतें घेऊन जिंकणाराला एक सोईस्कर बचाव आपोआप मिळतो. तो म्हणूं शकतो, ‘मीं काय केलें? तोच माझ्या अंगावर आला, आणि आपल्याच वेगानें पडला.’ जबरदस्ती करणाराच्या तोंडीं असा बचाव शोभत नाहीं, पण कुशल मनुष्याच्या तोंडीं तो अगदीं सहज बसतो. व्यवहारांत त्याचे नमुने ठायींठायीं आढळतील. वादांत प्रतिपक्षाला मुद्दाम बोलूं द्यावयाचें, त्याच्या तोंडून एखादें अतिरेकी विधान वदवून घ्यावयाचें, आणि त्याच विधानानें त्याचें हंसें करावयाचें. वर म्हणावयाचें, ‘शब्द त्याचेच होते.’ रागीट भावाला ठाऊक असलेल्या जागीं हळूच डिवचावयाचें, आणि तो भडकला म्हणजे वडिलांकडे निरागस मुद्रेनें पाहावयाचें. कर्जाची हांव असलेल्याला कर्ज देत जावयाचें, आणि तो बुडाला म्हणजे ‘सही त्याचीच आहे’ म्हणून कागद पुढें करावयाचा. या सर्वांचा दावा एकच : पडणारा स्वतःच्या भारानें पडला.

आतां त्या खेळाकडे पुन्हां वळूं. त्यांत दोन गोष्टी अशा आहेत कीं त्यांच्यापुढें हा बचाव क्षणभरहि टिकत नाहीं. पहिली अशी कीं, आज्ञा देत असतांनाच पडद्यावर एक पुसट छायाकृति दिसते. ‘या आज्ञा दिल्यास पुढच्या कांहीं क्षणांत काय होईल’ हें ती दाखविते. अर्थात् प्रतिस्पर्धी आपला बेत बदलणार नाहीं हें गृहीत धरून. आणि तो बहुधा बदलतो, हें शिकण्यांतच नवशिक्याचे कित्येक दिवस जातात. दुसरी अशी कीं, संपलेला डाव पुन्हां लावून पळपळ करून पाहतां येतो. तसा तो पाहूं लागलें म्हणजे ‘तो आपल्याच वेगानें पडला’ हें वाक्य किती अपुरें आहे तें डोळ्यांनाच दिसतें. त्याचा वेग त्याचा होता, हें खरें. पण या पळाला तोरीनें कंबर खालीं घेतली, त्या पळाला मनगट आंखडलें, तिसऱ्याला पाऊल वळविलें. आणि यांपैकीं एकहि आज्ञा दिली नसती तर तो वेग निरुपद्रवीपणें निघून गेला असता. वेग उकेचा, पण त्या वेगाला दिशा तोरीची. किंबहुना फेंक जितकी उत्तम, तितकें तोरीचें बळ कमी व ज्ञान अधिक; आणि ज्ञान अधिक म्हणजे उत्तरदायित्वहि अधिक. दांडगाई करणारा निदान असें म्हणूं शकतो कीं काय होईल याचा त्याला अंदाज नव्हता. कुशल मनुष्याला ती सवलत नाहीं. दुसरा केव्हां, कोणत्या बाजूला व कशानें ढळेल हें अचूक ओळखणें, हीच तर त्याची कला.

यावर असा आक्षेप निघेल कीं मग ही कलाच त्याज्य ठरते. भोळी दांडगाई बरी, पण हें जाणतेपण नको. आम्हांला तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारणहि त्याच खेळांत आहे. ठोसा मारणाराला प्रतिस्पर्ध्याकडे लक्ष देण्याची फारशी जरूर नसते. तो एक निशाण असला म्हणजे पुरे. फेंक साधणाराला मात्र त्याच्याकडे सतत पाहावें लागतें. याचा भार कोणत्या पायावर आहे, हा पुढें येतो आहे कीं मागें, याचा कोणता सांधा ताठ आहे, हें जाणल्याविना त्याचें पाऊलहि पुढें पडत नाहीं. आमच्या विद्यार्थ्याची फेंक सुधारूं लागली ती ज्या दिवसापासून तो आपल्या हातांऐवजीं समोरच्याच्या पावलांकडे पाहूं लागला त्या दिवसापासून. दुसऱ्याची स्थिति त्याच्या जागीं जाऊन जाणणें, ही सर्व सहानुभूतीची पहिली पायरी आहे. वैद्यालाहि तीच लागते, शिक्षकालाहि तीच, आणि फसविणारालाहि तीच. ती स्वतः चांगली वा वाईट नाहीं. पण तिच्याविना चांगुलपणा आंधळा असतो. तेव्हां मोडतोडीचा सोपा मार्ग सोडून फेंकीच्या नादीं लागलेला मुलगा कांहीं वाईट शिकत नाहीं, असाच आमचा अभिप्राय आहे. मात्र तो पहिल्या पायरीवरच उभा आहे. दुसरी पायरी त्या खेळांत नाहीं, आणि ती कोठें आहे हें पाहण्यासाठीं पडद्यावरून उठून खऱ्या आखाड्यांत गेलें पाहिजे.

ज्युदोच्या शाळेंत नव्या विद्यार्थ्याला आरंभीं फेंकणें शिकवीत नाहींत, पडणें शिकवितात. ‘उकेमी’ म्हणजे पाठीवर, कुशीवर, पुढें असें सुरक्षित पडण्याचे प्रकार. हनुवटी छातीशीं घ्यावी, म्हणजे डोकें आपटत नाहीं. पसरलेल्या हातानें चटईवर थाप मारावी, म्हणजे आघात विभागला जातो. उके हें नांव त्याचेंच : तो केवळ हरणारा नव्हे, स्वीकारणारा आहे, त्यालाहि स्वतःची विद्या आहे. आणि तोरीचें काय? तो एका हातानें उकेची बाही धरून असतो, आणि फेंक पुरी झाल्यावरहि ती सोडीत नाहीं. पडणाऱ्याचें डोकें व खांदा अगोदर न आपटतां पाठ नीट टेकावी म्हणून अखेरच्या क्षणीं तो ती बाही वर ओढून धरतो. स्पर्धेंतसुद्धां पूर्ण गुणाची फेंक ठरविताना वेग, जोर व पाठीवर पडणें यांच्याबरोबर पडणाऱ्यावर अखेरपर्यंत राखलेला ताबा हाहि पाहिला जातो. ज्याच्या हातून बाही सुटली त्याची फेंक त्या मानानें अपुरी. आमच्याकडील तालमीची परंपरा वेगळी असली तरी तिची जाणीव वेगळी नाहीं. हौदांतील लाल मातींत ताक, तेल, हळद व लिंबाचा रस घालून ती मऊ करण्यांत पैलवान जे कष्ट घेतात, ते जिंकणाराच्या सोईसाठीं नव्हेत. जो पडेल त्याच्या पाठीसाठीं. आणि आज कोण पडेल हें कोणालाच ठाऊक नसल्यानें ती माती सगळेच मिळून खणतात.

संगणकावरील खेळांत हा भाग नाहीं, आणि असण्याचें कारणहि नाहीं. तेथील जमिनीनें कोणाला लागत नाहीं. उके पडतो आणि पुढच्या डावाला धडधाकट उभा राहतो. म्हणून तेथें पकडीचा धडा नेमका उलट शिकावा लागतो. पकड योग्य पळीं सोडली नाहीं तर पडणारा आपल्यालाहि ओढून नेतो, आणि आधीं आपलेंच अंग टेकलें तर आपण हरतों. तेथें फेंक सुधारते ती हात वेळेवर सोडल्यानें. ज्युदोंत ती पूर्णत्वाला जाते ती हात न सोडल्यानें. एकाच फेंकीचे हे दोन शेवट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतात. वर ज्या कुशल माणसांचे नमुने दिले, त्यांच्याशीं हे ताडून पाहावे. प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांनीं गोत्यांत आणून बाजूला होणारा, भावाला भडकवून नामानिराळा राहणारा, कर्जदाराला बुडवून कागद पुढें करणारा : या प्रत्येकाची कला निर्दोष आहे, आणि प्रत्येकानें अखेरच्या क्षणीं हात सोडलेला आहे.

कोणी म्हणेल कीं हा नीतीचा बोजा खेळावर लादणें अरसिकपणाचें आहे. बुद्धिबळांतहि प्यादीं मरतात, त्यांचें सुतक कोणी धरतो काय? आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही त्या खेळाला दोष देतहि नाहीं. उलट, ज्याला लागत नाहीं अशा देहावर पाडण्याची विद्या हजार वेळां करून पाहतां येते, हा त्याचा मोठाच गुण आहे. जिवंत माणसावर ती तशी करतां येणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अशा जागीं फेंक संपते तेथें विद्या संपली असा भ्रम होण्याचा संभव असतो. पाडणें हें पदार्थविज्ञानाचें काम आहे, आणि तें यंत्राला हिशेबानें सांगतां येतें. सांवरणें हें हिशेबांत येत नाहीं; कारण पडणाऱ्याला लागेल, ही गोष्ट कोणाला तरी महत्त्वाची वाटल्याशिवाय त्याची गरजच उत्पन्न होत नाहीं.

कानो यांनाहि हें उमगलें होतें असें त्यांच्या पुढील विचारावरून दिसतें. केवळ नमतें घेण्याचें तत्त्व सर्वत्र पुरत नाहीं, मागून कोणी कवळा घातला तर नमतें कोठें घ्यावयाचें, असें ते स्वतःच म्हणत. त्यामुळें शरीर व मन यांच्या शक्तीचा उत्तम उपयोग हें अधिक व्यापक तत्त्व त्यांनीं मांडलें. पण तेथेंहि ते थांबले नाहींत. १९२२ मध्यें त्यांनीं त्याला दुसऱ्या तत्त्वाची जोड दिली. त्याचा आशय असा कीं आपला व दुसऱ्याचा उत्कर्ष एकमेकांच्या साह्यानें व्हावा. शक्तीचा उत्तम उपयोग चोरालाहि साधतो. म्हणून पहिलें तत्त्व एकटें ठेवणें त्यांना बरें वाटलें नसावें. शिवाय ही जोड नुसती उपदेशाची नव्हती. धोक्याचे डाव त्यांनीं मुक्त सरावांतून वगळले होते, आणि त्यामुळेंच दोन विद्यार्थी सर्व जोरानें भिडूं शकत व दुसऱ्या दिवशीं पुन्हां सरावाला येऊं शकत. ज्याला आज पाडलें तो उद्यां हजर नसेल तर आपली विद्या वाढावी कोणाबरोबर? परस्परांच्या उत्कर्षाचा हा अगदीं रोकडा अर्थ आहे.

तेव्हां आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला असें दिसतें. दुसऱ्याच्या बळानें दुसऱ्याला पाडणारा केवळ तेवढ्यानें श्रेष्ठ ठरत नाहीं. तो अधिक जाणता ठरतो, आणि जाणतेपणाचें ऋण त्याच्यावर चढतें. तें ऋण फेडण्याचा प्रसंग पाडण्याच्या क्षणीं येत नाहीं, त्याच्या लगेच पुढच्या क्षणीं येतो. संसारांत पाडण्याचे प्रसंग कोणालाहि टळत नाहींत. परीक्षकाला विद्यार्थ्याचें उत्तर खोडावें लागतें, बापाला मुलाचा हट्ट मोडावा लागतो, न्यायाधीशाला एका पक्षाच्या विरुद्ध निवाडा द्यावाच लागतो. तें कोणी करूंच नये असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. परंतु खोडलेल्या उत्तराच्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षीं वर्गांत येऊन बसावेंसें वाटतें कीं नाहीं, हट्ट मोडलेला मुलगा रात्रीं त्याच पानावर जेवावयास बसतो कीं नाहीं, यावरून पाडणाराच्या हातांत बाही शिल्लक होती कीं नव्हती हें बिनचूक ओळखतां येतें.

आमच्या विद्यार्थ्याला फेंक आतां बरी साधते. गेल्या पंधरवड्यापासून तो एका ज्युदोच्या वर्गालाहि जाऊं लागला आहे. तेथें त्याला अजून कोणाला फेंकूं दिलेलें नाहीं. तो रोज पडावयास शिकत आहे.